कोऱ्या चौकटीतला वाघ

बोर्ड पेटला आणि अख्खी मंडई खो खो हसत सुटली.

स्वातीला आधी कळेचना. पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती आणि त्यानिमित्त नाटक होतं. मांडवाच्या दारावर एलईडी दिव्यांचा बोर्ड लावलेला आणि बोर्डावर वाघ. तिचा वाघ, एकेक ठिपका तिने स्वतः भरलेला. नाटकातल्या दुष्ट मामाला शेवटी वाघ खातो, म्हणून नाटक कंपनीने तो खास करून घेतला होता. तो पाहून माणसांनी जरा घाबरावं, एवढीच सगळ्यांची साधी अपेक्षा होती.

"अबे, याच्या डोक्यावर तुरा काऊन हाय?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

स्वातीने मान वर केली. तुरा होता. लालभडक आणि ऐटीत उभा. छातीसुद्धा पुढे काढलेली. हा वाघ आता आरवतो की काय, असंच वाटत होतं.

सगळं त्या कोंबड्यामुळे झालं. चंद्रपुरात अरीबाचं बोर्डांचं दुकान होतं. तिथे स्वाती दिवाळीच्या आधीपासून पिक्सेल आर्ट शिकत होती, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र काढायला. अरीबाचा नियम एकच. नवख्याने आधी तयार चित्रावर हात बसवायचा. तिने स्वातीला चिकन सेंटरच्या बोर्डाचा कोंबडा दिला. याला जाड कर. याला पळव. याला फेटा बांध. स्वातीने सगळं मुकाट्याने केलं. पुढे पुढे तिला वरणातही कोंबडा दिसायला लागला, तेव्हा मात्र ती वैतागली.

"ताई, दुसऱ्याचंच चित्र किती दिवस गिरवत बसू? त्यात माझं काय हाय? मले कोरी चौकट द्या."

"कोऱ्या चौकटीत नवा हात भटकते, स्वाती."

"भटकू द्या."

अरीबाने खांदे उडवले. "मंग हा नाटकाचा वाघ तूच कर. मी पाहणार बी नाई. पण फसला, तं वर्षभर कोंबडाच."

पडत्या फळाची आज्ञा समजून स्वाती कामाला लागली. वाघ झाला. खरं सांगायचं तर तिचं त्याच्यावर प्रेमच बसलं. तुरा तिच्या लक्षातच आला नाही. डोकं आलं की हात आपसूक लाल रंग उचलत होता आणि डोळ्यांना बिनतुऱ्याचं डोकं बोडकं वाटत होतं. करायला गेली गणपती, झाला मारुती.

आता बोर्ड मंडईत आणि कॉम्प्युटर चंद्रपुरात. रात्रभर वाघ तसाच झळकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानात अरीबाने फक्त कोंबड्याचं चित्र उघडून स्वातीसमोर ठेवलं. स्वातीला रडू कोसळायचं बाकी होतं. लाज तर वाटत होतीच, पण तिला तो मेला वाघ अजूनही आवडत होता, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

तेवढ्यात नाटकात वाघाचं काम करणारे रामाजी दारात उभे. डोळे जागरणाने तांबडे, काखेत पिशवी. स्वाती ताडकन उठली.

"माफ करा, भाऊ. तुरा आता निघालाच समजा."

"थांब!" रामाजी धपकन स्टुलावर बसले. "रात्री मी डरकाळी फोडत स्टेजवर आलो. तं लोकं ओरडाले लागले, हा डुप्लिकेट हाय, तुरेवाला आणा! मामा बिचारा मान पुढं करून बसला, पण पब्लिक मले त्याले खाऊच देईना. शेवटी मामा जित्ताच घरी गेला अन् पडदा पाडा लागला."

स्वातीने मान आणखी खाली घातली. आता कंपनी पुढचं कामही काढून घेणार, हे तिला दिसतच होतं.

रामाजींनी पिशवीत हात घातला. आतून लाल मखमलीचा, कापूस भरून शिवलेला तुरा निघाला. तो त्यांनी डोक्यावर चढवला, नाडी हनुवटीखाली बांधली आणि काउंटरच्या काचेत स्वतःला नीट न्याहाळलं. अरीबाने आ वासला.

"आज रात्री पुन्हा खेळ हाय," ते म्हणाले. "चित्राले हात लावू नोको, पोरी. दुरुस्त मी होतो."