उर्वशीचे हातवारे

"व्हेपमध्ये निकोटीन दोन तऱ्हेचं असतं," उर्वशीने माइकला सांगितलं, आणि भाषण स्पर्धेच्या मंडपात कुणीतरी खुदकन हसलं.

ती खूश झाली. आठवीत याच माइकसमोर तिची बोबडी वळली होती. आता दहावीत तिचा आत्मविश्वास एवढा वाढला होता, की ती दिसली की मैत्रिणी रस्ता बदलत. विषयही तिने फुलसावंगीत कुणी न ऐकलेला निवडला होता. व्हेप म्हणजे वाफेची सिगारेट. देशात विकायला बंदी. तरी काही शहाणे तिचं द्रव घरी कालवतात आणि निकोटीन कोणतं घ्यावं यावर वाद घालतात. साधं घशाला झोंबतं, क्षाराचं गुपचूप उतरतं. हे सगळं तिने मोबाइलवर वाचलं होतं. व्हेप मात्र कधी पाहिलं नव्हतं. गावात कुणीच पाहिलं नव्हतं.

पहिल्या रांगेत आजोबा बसले होते, हिरासिंग राठोड. तंबाखूने त्यांचं तोंड दोन बोटांवर उघडत नव्हतं. डॉक्टरांनी बजावून झालं होतं, आई रडून झाली होती. शेवटी त्यांनी नातीला शब्द दिला होता, की तू पहिला नंबर आण, मी पुडी सोडतो. म्हणून महिनाभर रोज सकाळी उर्वशी त्यांच्यासमोर भाषण घोकत होती. आजोबा नुसते ऐकायचे नाहीत, सोबत एक काम सांगायचे. ती बोलता बोलता ते उरकायची.

"साधं घ्या की क्षाराचं, विष ते विषच."

हसू वाढलं. मागच्या बाकावरचा विक्की पोट धरून वाकला. आपण इतक्या विनोदी आहोत हे आजवर कुणी सांगितलं काहून नाही, असं उर्वशीला वाटलं. शेवटच्या वाक्याला तिने तळहातावर दोन थापा मारल्या. मंडप दणाणला.

परीक्षक शुभदा मॅडम दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"भाषण छान. आता सांग, चुना किती घेतेस?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढा," उर्वशी तडक म्हणाली. तडक उत्तरं देण्याचा तिला भारी अभिमान होता.

मग तिने खाली पाहिलं. उजवा अंगठा डाव्या तळहातावर अजून फिरत होता. आजोबांची तंबाखू मळत पाठ केलेलं भाषण तिने मळतच म्हटलं होतं. शेवटी भुकटी उडवायच्या थापाही मारल्या होत्या.

पहिला नंबर झाडं लावा म्हणणाऱ्या मितालीला गेला. उर्वशी दुसरी आली, आणि तालुक्याला दोघींनी जायचं ठरलं.

घरी येताना उर्वशी हात ओढणीत लपवून चालली. आजोबांनी ते बाहेर काढले, उलटे केले, पाहिले. अंगठ्याच्या नखाखाली पिवळं होतं.

"नंबर राहू दे, पोरी," ते म्हणाले. "मी तुले काय शिकवून राह्यलो होतो, ते आज साऱ्या गावानं पाह्यलं."

पुडी आणि चुन्याची डबी त्यांनी नालीत टाकली.

दुसऱ्या दिवशी ते बडीशेप चघळत बसले. तालुक्याच्या स्पर्धेची तयारी म्हणून उर्वशी समोर उभी राहिली, रिकामा तळहात पुढे केला, अंगठा टेकवला. तंबाखूवाचून आजोबांचा अख्खा दिवस निभला. उर्वशीला पहिलं वाक्यही आठवलं नाही.