थंड खोलीतला आकडा

फुलांच्या दुकानातल्या थंड खोलीत ताईने तापमान कळवणारा बिनतारी सेन्सर बसवला, त्याचा रिसीव्हर बाहेर काउंटरवर ठेवला आणि धाकटीला म्हणाली, "आता सारखं दार उघडून बघायला नको."

दुपारची जेवणं उरकतात तोच रिसीव्हर कोकलू लागला. एकेचाळीस अंश. दोघी धावल्या, पण आत हुडहुडी भरेल असा गारवा होता आणि गुलाब टवटवीत होते.

"पहिल्याच दिवशी थापा मारतंय हे," धाकटी म्हणाली.

ताईने वैतागून सेन्सरची बॅटरीच काढली. तरी रिसीव्हरवरचा आकडा चढतच राहिला.

ताईचा चेहरा उतरला. "चॅनल बदलायचं राहिलं माझं. हा आकडा आपला नाहीच. शेजारच्या सुतारकाकांनी पॉलिशच्या खोलीत हेच यंत्र लावलंय."

काकांच्या कारखान्याचं दार आतून बंद होतं. कानातलं मशीन काढून ते झोपले होते, त्यामुळे त्यांना ना स्वतःच्या रिसीव्हरचा आवाज ऐकू गेला, ना दारावरचे धक्के. दोघींनी खिडकी फोडली आणि धुरातून चाचपडत त्यांना कसंबसं ओढून बाहेर काढलं.

बरे झाल्यावर काका दुकानात आले. रिसीव्हर हातात घेऊन म्हणाले, "आण पोरी, तुझं चॅनल बदलून देतो."



"राहू द्या, काका. फुलांसाठी दुसरं मागवलंय. हे तुमच्यासाठीच चालू ठेवणार आहे."