गाइडची मोजणी

चौकात लोखंडी गज घेऊन जमाव घुसला, तसं परदेशी गाइडने महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना दुकानात रेटून शटर ओढलं. पाहुणे बारा भरायला हवे होते. त्यांच्यातल्या मास्तरीणबाईंनी बसमध्ये शिकवलेल्या मराठी आकड्यांत तो डोकी मोजू लागला. “नऊ, दहा, बारा! सगळे आले!” “अरे बाबा, अकरा पुन्हा खाल्लास!” रोज हसून चूक दाखवणाऱ्या बाई किंचाळल्या. “आमचे हे बाहेरच राहिले!” गाइड पिवळी छत्री सरसावून बाहेर पडला. काचा फुटल्या. हाडावर गज बसल्याचा आवाज आला, मग आणखी एक. बाईंनी मूठ दातांत धरली. शटर हातभर सरकलं. आधी नवरा सरपटत आत आला, मागून गाइड. कपाळ फुटलेलं, छत्री मोडलेली. भिंतीला टेकून त्याने पुन्हा बोट उचललं. “दहा, अकरा, बारा. बरोबर, बाई?” “चूक,” म्हणत बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. “तेरा.”