आडातली जिवाणी

मुरुमाची ट्रॉली आडाशी येऊन थांबली. आई गेली, आता पाणी कोण शेंदणार, म्हणून सम्मेदनं आड बुजवायचं ठरवलं होतं. थोरल्या बहिणीच्या, चंदनाच्या, जिवावर आलं होतं. शेवटची बादली ओढून तिनं आईसारखंच दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं आणि फडक्यावरचे जीव, म्हणजे जिवाणी, वाटीत उतरवले. टाचणीच्या टोकाएवढे ते ठिपके गिरक्या घेत होते. उन्हाळ्यात आड कोरडा ठणठणीत पडलेला; पाणी आलं, तशी ही मंडळी हजर! आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "सम्मेद, ही जिवाणी कुठं सोडू?" "वत की बागेत, अक्का." "ज्या पाण्यातली, त्याच पाण्यात! आईनं तुलाबी शिकवलंय." सम्मेद चिडूनच वाटीवर वाकला. "आईशप्पथ, लय नाचत्यात गं!" मग ड्रायव्हरकडे वळून ओरडला, "गड्या, मुरूम तिकडं वाटेवर वत. आडात बिऱ्हाडं हायत!"