जाम बोल्ट

भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यापलीकडं कीर्तनाला माणसं जमली होती आणि बुवा इंदापूरच्या काठावरच अडकले होते. नावेच्या इंजिनाचा बोल्ट गंजून जाम झाला होता.

ज्यांच्या कॅसेटी गॅरेजात रोज वाजायच्या तेच बुवा शेजारी बसलेले, म्हणून समाधान मिस्त्रीनं तोंडाला आवर घातला. रॉकेल ओतलं, पाना लावला आणि हातोडीच्या प्रत्येक घावाला दातओठ खात तो म्हणू लागला, "पांडुरंग! पांडुरंग!"

शेवटी बोल्टाचं डोकंच तुटलं. "पांडुरंगाऽऽ!" समाधान खेकसला. मग कौतुकाच्या आशेनं बुवांकडं वळला. "बघा बुवा, एक शिवी दिली न्हाय."

बुवांनी मायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं उत्तर ऐकून समाधानची मान खाली गेली, ती वर झालीच नाही.



"दिली न्हाय कशी, लेकरा? मघाधरनं पांडुरंगच शिव्या खातोय की!"