डावा हात

“हात मागे! मागे घे म्हणते ना!”

बत्तीस वर्षं झाली. तरी शेगडीसमोर उभं राहिलं की मास्तरच्या कानात आईचा तो आवाज आधी येतो, आणि डावा हात आपला आपण पाठीमागे जातो.

मास्तर छत्तीस वर्षांचा. एकट्यानं राहायला शिकवणाऱ्या या संस्थेत कोणी दिवा चालू ठेवून गेलं की हा मागे धावून त्याला परत आणतो आणि बंद करायला लावतो, म्हणून मास्तर. आज मात्र परीक्षा मास्तरचीच होती. एक अंडं स्वतः उकडायचं, सोलायचं, खायचं. जमलं तर वरच्या मजल्यावरच्या खोलीची किल्ली, स्वतःची, एकट्याची. नाही तर संध्याकाळी ती खोली यादीतल्या पुढच्याला. याआधी दोनदा राहिलं होतं. ही शेवटची खेप.

शिकवणाऱ्या ताई स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. हात मोकळे राहिले की ते मदत करतात, असं त्यांचं म्हणणं.

“मुंग्या येतील तुमच्या हातांना,” मास्तर म्हणाला.

“येऊ देत. तू तुझं बघ.”

आई दाराबाहेर बाकावर होती. घरच्यांनी आत यायचं नाही, हा नियम. दार अर्धं लोटलेलं. तिनं चपला काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. पर्सची चेन सर्र करून उघडली, सर्र करून लावली.

“बसा की जरा निवांत,” फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या.

“बसलेय ना,” म्हणत ती उठून उभी राहिली.

आत मास्तरनं आपलं गाणं सुरू केलं. पायऱ्या लक्षात राहाव्यात म्हणून त्यानं स्वतःच रचलेलं.

पातेलं घ्या, पाणी घ्या,
अंड्याला हळू आंघोळ द्या,
लायटर धरा, बटण फिरवा,
निळा निळा तुरा मिरवा.

पातेलं घेतलं. पाणी घेतलं, अंड्याच्या वर दोन बोटं. अंडं चमच्यानं असं अलगद सोडलं, की ताईंनाच हसू आलं. उजव्या हातात लायटर धरला. आणि गाणं तिथंच अडलं. डावा हात पाठीमागे गेला होता.

टक्. टक्. लायटरची ठिणगी उडाली आणि विझली. बटण फिरलंच नव्हतं.

सिलिंडर बंद असला की तेच बटण भिंगरीसारखं फिरायचं. ताईंनी त्याला हातमोजे घालून पाहिले, लांब दांड्याचा लायटर आणला, भिंतीवर चित्रं लावली. सिलिंडर उघडला की हात मागे.

टक्. टक्. मास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागला. बाहेर चेन सर्र, सर्र.

“काय होतंय रे डाव्या हाताला?” ताईंनी हळूच विचारलं.

“तो वाईट आहे.” मास्तरनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जुनी, चकचकीत, चुरगळलेली कातडी. “मी चार वर्षांचा होतो. आई म्हणाली हात मागे. मी ऐकलं नाही. उकळतं पाणी ओढून घेतलं. माझे हात ऐकत नाहीत.” पाठ केलेल्या धड्यासारखं, कुठंही न अडखळता.

ताईंचे हात मांड्यांखालून अर्धे बाहेर आले. त्यांनी ते पुन्हा आत दाबले. घड्याळाकडे पाहिलं.

“आज राहू दे का, मास्तर?”

“नको. राहू दे म्हटलं की खोली जाते.”

टक्.

बाहेरची चेन थांबली. दार उघडलं. आई आत आली, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

“अहो, तुम्ही बाहेर...”

“मदत करायला नाही आले.” तिनं ओट्याची कड धरली. मुलाकडे पाहायला तिला वेळ लागला. “सोन्या, तू हात लावला नव्हतास.”

“लावला. मी ऐकलं नाही.”

“नाही रे. तू खाली बसून डब्यांचा मनोरा रचत होतास. गुणाचा होतास, हलत नव्हतास जागचा. पातेलं माझ्या हातून निसटलं. हात मागे म्हणून ओरडले ते नंतर. पाणी सांडल्यावर. बाहेरच्या खोलीत घरचे सगळे बसले होते, त्यांना ऐकू जावं म्हणून. त्यांनी विचारलं तेव्हा तुझंच नाव सांगितलं. तुला तेव्हा बोलता येत नव्हतं.”

पाण्यात अंडं गप्प पडून होतं. ताई खाली बघत होत्या.

मास्तरनं डावा हात पाठीमागून पुढे आणला. उलटा केला, सुलटा केला. हरवलेलं पोर बऱ्याच दिवसांनी दारात यावं आणि आपण त्याला नखशिखान्त न्याहाळावं, तसा तो हाताकडे पाहत राहिला.

“मनोरा केवढा होता?” त्यानं विचारलं.

“सहा डब्यांचा.”

“पडला?”

“नाही. तो नाही पडला.”

मास्तरनं मान हलवली. डावा हात बटणावर ठेवला, उजव्यात लायटर धरला आणि वळून न पाहता म्हणाला,

“मग हात मागे तू घे, आई.”