तिसऱ्या कडव्यातलं गाढव

मोजपट्टी नावाच्या मुलीजवळ एकूण दोनशे अकरा स्पॅनिश शब्द होते. त्यांत रडण्याचे सदतीस, फुलांचे एकोणीस, दगाबाजीचे अकरा, एक गिरणी आणि एक गाढव. ‘बटण’ नव्हतं.

आणि काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेल्या आजींना नेमकं तेच सांगायचं होतं: आवाज आला की बटण दाबा. आजींना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती.

कान तपासणाऱ्या या मुलीला दवाखान्यात सगळे मोजपट्टी म्हणत, कारण ती जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजे. स्पॅनिश ती शिकली जुन्या लोकगीतांवरून. गाण्यात तीच ओळ चार वेळा येते, म्हणजे उजळणी फुकट, असा तिचा हिशेब. खोट एवढीच, की कुठलाही शब्द हवा असला तर गाणं पहिल्या ओळीपासून म्हणत यावं लागे.

“ठार बहिऱ्या आहेत गं सासूबाई!” सूनबाई दारातूनच कडाडल्या होत्या. चौदा वर्षं छापखान्यात यंत्रावर काढलेल्या बाईचा आवाज तो. “आठ महिने झाले त्यांच्या देशातून आमच्याकडे येऊन, तोंडातून शब्द नाही. आमचे हे बोटीवर, त्यांचा फोन लागेल तर शपथ. दोन ठिकाणी तपासून झालं. आता गुरुवारी ऑपरेशन!”

“आजचा रिपोर्ट आल्याशिवाय नाही हं, काकू.”

“काय? जरा मोठ्याने बोल बाळा, या पंख्याचा आवाज केवढा!”

मोजपट्टीने दहा डेसिबलपासून सत्तरपर्यंत सगळे सूर आत सोडले. पंचविसाच्या आत ऐकू आलं तर कान ठणठणीत. आजी ढिम्म. मध्ये एकदा जांभई दिली, तेवढीच. ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं की गुरुवारी कानामागे सुरी. तिने आवाजाची चकती वीसवर आणली आणि डोकं खाजवलं.

हात! गिरणीवाल्याच्या लेकीच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यात, ती हात वर करते. ‘हात वर करा’ म्हटलं तरी भागेल. मोजपट्टी पुटपुटत गाऊ लागली. आपलं कोपर माइकच्या कळीवर टेकलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

पहिलं कडवं. दुसरं. तिसऱ्यात लेक रडली, मग गाढव मेलं, मग...

“नाही, नाही, नाही!” टेबलावरचा स्पीकर गरजला. आत आजी ताडकन उभ्या राहिल्या होत्या. “आधी गाढव मरतं! मग ती रडते! उगाच कशाला रडेल?”

सगळे शब्द गाण्यातलेच होते. मोजपट्टीला एकूण एक कळला. तिने चकतीकडे पाहिलं. वीस!

तिला विचारायचं होतं, ‘आजी, तुम्हाला ऐकू येतं?’ पण साठ्यात जे होतं तेच बाहेर पडलं: “हे निष्ठुर पाखरा, माझ्याशी कपट का केलंस?”

आजी हसून हसून खुर्चीत कोसळल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, “पहिला महिनाभर मी बोलत होते. गातसुद्धा होते. ऐकलं कुणी?”

आता खरी तपासणी सुरू झाली. मोजपट्टी ओळ मुद्दाम चुकवी आणि चकती पाच-पाचने खाली आणी. आजी शिवी हासडत. ती आली की आकडा टिपला जाई. उजव्या कानात गाढव दोनदा मेलं. डाव्या कानात त्याचं लग्न लागलं. शेवटच्या कडव्याला तर खोलीचं दार सताड उघडं टाकून दोघी पाय आपटत, टाळ्या पिटत गात होत्या. दोन खोल्या पलीकडून डॉक्टरीणबाई धावत आल्या.

“अगं, हा दवाखाना आहे की जत्रा?”

दाराबाहेर हातभर अंतरावर सूनबाई पाठमोऱ्या बसून मासिक चाळत होत्या. त्यांनी पान उलटलं. मान वळवली नाही.

मोजपट्टीने वर पंख्याकडे पाहिलं. पंखा सकाळपासून बंदच होता.

तिने दुसरा कोरा कागद घेतला आणि सूनबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

अर्ध्या तासाने दोन्ही रिपोर्ट टेबलावर होते. सासूबाई: उजवा कान पंधरा डेसिबल, डावा वीस. सूनबाई: उजवा साठ, डावा पासष्ट.